कॅमेऱ्याच्या पोटात कोंडा

काकांच्या पाठीवर गळू झालं, तिथून हे सगळं सुरू झालं. गळवाला देता येईल तेवढा दोष मी आजवर देऊन पाहिला आहे. पण ते बिचारं यथावकाश फुटलं, वाळलं आणि गेलं. मी मात्र राहिले. त्यामुळे दोष शेवटी माझ्याकडेच येऊन बसतो.

आमचे काका जालन्याच्या कचेरीत कारकून होते आणि कचेरी सुटली की फोटोग्राफर होते. लढाई चालू होती, निजामाचं राज्य होतं आणि आमच्या गल्लीत कॅमेरा असलेले ते एकटेच होते. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि दोन्हींच्या मधे चामड्याचा घड्याघड्यांचा भाता, लोहाराचा असतो तसाच, फक्त लहान आणि काळा. डोक्यावर काळं फडकं घेऊन दुधी काचेवर चित्र जुळवायचं, मग ती काच सरकवून तिच्या जागी फोटोची काच बसवायची आणि समोरच्याला सांगायचं, श्वास रोखा. लोक इतका श्वास रोखायचे की फोटोत सगळे रागावलेले दिसत.

काका सायकलवर गावोगाव जात आणि त्यांची सगळी चिंता फोटो कसा येईल यापेक्षा कॅमेरा धड पोचेल का याची असे. रस्ते म्हणजे बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. एकदा कॅरिअरला बांधून नेला तर दुधी काच तडकली आणि स्क्रू सगळे ढिले होऊन पेटीत खुळखुळायला लागले. हँडलला टांगला तर लोलकासारखा हलून गुडघ्यावर आपटायचा. शेवटी त्यांनी युक्ती काढली. जुन्या धोतरात गुंडाळायचा, झोळी करून पाठीला घट्ट बांधायचा आणि खड्डा आला की सीटवरून उठून पायडलवर उभं राहायचं. सायकलला बसेल तो हिसका गुडघ्यातच जिरायचा. रस्त्याने जाताना काका सारखे उठायचे, बसायचे, उठायचे. लोकांना वाटे, या माणसाला मूळव्याध आहे.

आणि अशा पाठीवर गळू आलं. तेही आत्याच्या निरोपाच्या नेमक्या वेळी.

आत्या राजूरला दिलेली होती. तिची थोरली मुलगी, माझी आतेबहीण, तिला मी ताई म्हणत असे. ताईला हैदराबादचं स्थळ आलं होतं. मुलगा दफ्तरात नोकरीला, पत्रिका जुळलेली, देण्याघेण्याचं बोलणं झालेलं. फक्त मुलाला रजा मिळेना म्हणून त्यांनी फोटो मागितला होता. आमच्या आत्याने आयुष्यात कोणी मुलीचा फोटो मागितल्याचं ऐकलं नव्हतं. पण सोयरीक जमवणारे एक गृहस्थ होते, आम्ही त्यांना मध्यस्थमामा म्हणू, त्यांनी तिला समजावलं, "हैदराबादेत आता असंच असतं. फोटो पोचला की झालं, अक्षता."

ताईला हैदराबादला जायचं होतं. हे मला बराबर माहीत होतं, कारण सुट्टीत राजूरला गेले की आम्ही एका पांघरुणात झोपत असू आणि ती दुसरं काही बोलतच नसे. तिथे बायका रस्त्याने चालतात म्हणे. तिथे मुलींच्या शाळेत बायकाच शिकवतात म्हणे. ताईची चौथी झाली होती आणि पुढे राजूरला शाळा नव्हती. मुलाकडच्यांनी कबूल केलं होतं की मुलगी शिकायची म्हणाली तर शिकवू. आत्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. ताई मात्र तो शब्द पेढा चघळावा तसा चघळत राहिली.

तर फोटो काढायला काकांनी राजूरला जायचं आणि पाठीवर हे एवढं गळू. तेव्हा मी पुढे झाले. "मी मागं बसते. मी मांडीवर नेते. थोडासुद्धा हलू देणार न्हाई."

मला त्या वयात असं वाटे की जगात जे काही हलतंय ते मी धरलं की थांबेल.

काका म्हणाले, "धोतरात गुंडाळ, गच्च बांध आणि मांडीवर धर. बाकी काही करू नकोस." एवढं सांगून ते ट्यूब दाखवायला सायकलवाल्याकडे गेले.

बाकी काही करू नकोस, हे वाक्य मला कळलं नाही असं नाही. मला तो माझ्या हुशारीचा अपमान वाटला. कारण धोतरात गुंडाळणं ही पुरुषांची पद्धत. नाजूक वस्तू कशी न्यायची ते आम्हा बायकांना विचारा. आमच्या घरात लोणच्याची बरणी, कंदिलाची काच, काही फुटणारं नेलं की कोंड्यात जायचं. गव्हाचा कोंडा डब्यात घालायचा, मधे वस्तू, वरून पुन्हा कोंडा. आणि त्यातलं खरं मर्म असं की कंदिलाची काच नेताना आधी तिच्या पोटात कोंडा भरायचा आणि मग बाहेरून. बाहेरून कितीही मऊ असू दे, आत पोकळी राहिली की काच तडकते. हे मला आईने दाखवलं होतं आणि मी एकदासुद्धा चुकले नव्हते. मी अंबडपर्यंत काच नेलेली मुलगी होते.

मी फराळाचा मोठा पितळी डबा काढला. कॅमेरा त्यात बसत होता. दुधी काच वर सरकवली, भाता थोडा ओढला आणि आत पाहिलं. आत पोकळ. केवढी तरी पोकळी. माझ्या मनात आलं, म्हणूनच यांच्या काचा तडकतात!

मी कॅमेऱ्याच्या पोटात कोंडा भरला. चांगला दाबून भरला. भात्याच्या घडीघडीत बोटाने सारला. इतक्या प्रेमाने मी नंतर माझ्या पोरांनासुद्धा भरवलं नसेल.

रस्ताभर मी तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. पुढे काका, कमरेत वाकलेले, गळवाला सदरा लागू नये म्हणून. चाकोरी आली की ते ओरडत, "उचल!" आणि मी डबा छातीशी उचलून धरत असे. माझी हाडं खिळखिळी झाली, पण डब्यातून हूं की चूं नाही. एका विहिरीपाशी पाणी प्यायला थांबलो तर तिथली एक बाई डब्याकडे पाहून म्हणाली, "लेकीकडं चाल्ले वाटतं. बुंदीचे का बेसनाचे?"

"फोटोचा डबा आहे," मी म्हणाले.

"अगंबाई, लाडूचा फोटो?" ती म्हणाली आणि तिने काकांकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, यांना औषधपाणी चालू आहे का.

राजूरला आत्याच्या अंगणात ताई तयार होऊन बसली होती. आत्याचं लग्नातलं जांभळं लुगडं, नथ, केसात अबोली. मागे भिंतीला सतरंजी टांगली होती. शेजारणी बघायला आल्या होत्या आणि मध्यस्थमामा बाजेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळीच हैदराबादला जायचं होतं. लढाईमुळे फोटोच्या काचा मिळत नव्हत्या आणि काकांकडे त्या मोजून दोन उरल्या होत्या.

काकांनी डब्याचं झाकण काढलं. कोंडा पाहून ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, खूश झाले. त्यांनी कॅमेरा बाहेर काढला, फुंकर मारली, तिवईवर चढवला. मग दुधी काच वर केली.

भुरुरु करून कोंडा बाहेर आला. आधी काकांच्या हातावर, मग तिवईवर, मग वाऱ्याने उडून ताईच्या जांभळ्या लुगड्यावर. आणखी येतच राहिला. कणगीचं तोंड उघडावं तसा.

शेजारणी आधी थांबल्या आणि मग इतक्या हसल्या की एकीला खोकला लागला. "अहो भाऊ, ह्याच्यात पोरीचा फोटो काढता का भाकरी करता?"

ताईसुद्धा हसली. नथ सावरत, डोळ्यांतलं पाणी टिपत हसली. "काय करून राह्यली गं तू? दळण आणलं का?"

मी म्हणाले, "काच न फुटता आली की न्हाई?" खरंच, काच शाबूत होती. एक स्क्रू ढिला झाला नव्हता. मला अजूनही त्या क्षणाचा राग येतो तो याचा की मी तिथे मान ताठ करून उभी होते. मला वाटत होतं, हे लोक हसतात ते ठीक, पण कोणीतरी शाबासकीसुद्धा द्यावी.

काका हसत नव्हते. त्यांनी कॅमेरा उलटा केला, झटकला, आत्याकडचा देवपूजेचा मोरपिसाचा कुंचा मागून घेतला आणि घड्यांतून फिरवला. पुन्हा झटकला. पुन्हा फुंकलं. "अक्का, आज राहू दे. मी घरी नेऊन सगळा खोलतो. पुढच्या आठवड्यात येतो."

आत्या म्हणाली, "मंग ह्यांनी काय हात हलवत जायचं? ते लोक काय म्हणतील?" मध्यस्थमामा बाजेवरून म्हणाले, "घ्या हो उरकून जल्दी. ऊन चाल्लं."

काकांनी ताईला श्वास रोखायला सांगितलं. पहिल्या खेपेला ताईची नजर माझ्याकडे गेली आणि तिला पुन्हा हसू फुटलं. ती काच गेली. दुसऱ्या खेपेला ती गंभीर, सुंदर, ताठ बसली.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही जालन्याला परतलो. काकांनी न्हाणीच्या झरोक्याला घोंगडं लावून काच धुतली. लाल कंदिलाच्या उजेडात मी मागे उभी होते. ठसा कागदावर उतरला तेव्हा ताई दिसली. नाक, डोळे, नथ, सगळं कोरल्यासारखं. आणि गालांवर, कपाळावर, हनुवटीवर बारीक बारीक काळे ठिपके. कोंड्याची पूड घड्यांतून सुटून त्या काचेवर बसली होती आणि जिथे जिथे बसली तिथे तिथे प्रकाश पोचला नव्हता.

"चांदण्यांसारखं दिसतंय," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला त्यांनी आयुष्यात कधी मारलं नाही. त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं, मी सुटले असते.

शहरातले फोटोवाले असे ठिपके काचेवर पेन्सिल फिरवून बुजवतात. काकांना ती कला येत नव्हती. येत असती तर पुढचं रामायण झालंच नसतं. मध्यस्थमामा पहाटे स्टेशनकडे जाता जाता आमच्या दारात टांगा थांबवून उभे राहिले. काका फोटो देईनात. म्हणाले, डाग आले आहेत. मामांनी तो दिव्यापाशी धरून पाहिला आणि म्हणाले, "डाग कागदावर आहेत ना, पोरीवर तर न्हाई? मी सांगतो की त्यांना." आणि खिशात घालून गेले.

मामांनी सांगितलं किंवा नाही, देव जाणे. उत्तर आलं ते असं, की मुलीला देवी येऊन गेल्याचं आम्हाला कोणी कळवलं नव्हतं.

ताईच्या चेहऱ्यावर देवीचा एक वण नव्हता. तिला देवी कधी आल्याच नव्हत्या. वण होते माझ्या नाकावर, दोन, लहानपणचे, आजही आहेत, पाहून घ्या.

काकांनी उलट कळवलं की मुलीला देवी नाहीत, कॅमेऱ्यात कोंडा होता. आता तुम्हीच विचार करा, परक्या माणसाने हे ऐकलं तर काय समजेल. कॅमेऱ्यात कोंडा! त्यांना वाटलं, थाप मारायची तरी नीट मारावी. आत्याने निरोप धाडला, मध्यस्थमामांनी शपथ घेतली, आणि जितकं जास्त सांगावं तितका त्यांचा संशय पक्का होत गेला. काका म्हणाले, मुलीला घेऊन हैदराबादला जाऊ, समोर उभी करू. आत्या म्हणाली, "लेक काय बाजारात न्यायची वस्तू आहे? ज्याला बघायची त्यानं यावं." तेही खरंच होतं.

बऱ्याच महिन्यांनी काकांना कुठूनतरी काच मिळाली. गळू तोवर बरं झालं होतं. ते एकटेच राजूरला गेले, झोळी पाठीला बांधून, उठत बसत. फोटो असा आला की त्यात ताईच्या पापण्या मोजाव्यात. तो हैदराबादला गेला. उत्तर आलं, पेन्सिल फिरवून आणलेला दिसतो. शहरातल्या माणसांना ती कला ठाऊक होती ना. पहिला फोटो खरा आणि हा खोटा.

तिथे ते संपलं. पण आमच्याकडे अशी गोष्ट संपत नाही, ती गावाला जाते. राजूरला चतुर्थीला दूरदूरची माणसं येतात गणपतीला. त्यांच्याबरोबर ती कुठकुठे गेली. आत्याच्या मुलीत काहीतरी आहे. काय आहे ते कोणी सांगेना, म्हणून जास्तच आहे.

पुढच्या वर्षी कुंभार पिंपळगावकडची माणसं ताईला बघायला आली. चांगलं खातंपितं शेतीवाडीचं घर. मी तेव्हा आत्याकडेच होते, पोह्यांच्या बशा नेत होते. प्रश्न विचारून झाले. मग मुलाची आई उठली, ताईजवळ आली, पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि ताईच्या गालावर घासलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग पदर उजेडाकडे धरून पाहिला, पावडर आली का.

खोलीत सगळे होते. ताईने मानही हलवली नाही. फोटोच्या वेळी बसली होती तशीच ताठ बसून राहिली, फक्त गाल घासून लाल झाला होता. माझ्या हातात बशी होती आणि मला वाटत होतं, ही बशी पडावी, फुटावी, काहीतरी मोठा आवाज व्हावा. पण मी नाजूक वस्तू धरण्यात पटाईत. बशी हलली नाही.

"साफ आहे," मुलाची आई म्हणाली. लग्न ठरलं.

ताई कुंभार पिंपळगावला गेली. दीर, जावा, गुरं, पहाटे उठून आडाचं पाणी. नवरा सरळ माणूस, सासूही तोंडाने फटकळ पण वाईट नव्हती. शाळेचं नाव त्या घरात निघायचं कारणच नव्हतं.

आणि मी? सांगायची लाज वाटते. दोन वर्षांनी त्याच मध्यस्थमामांनी माझं लग्न जमवलं. हैदराबादचं. मुलाला रजा मिळाली, तो स्वतः बघायला आला, माझ्या नाकावरचे खरेखुरे दोन वण त्याने पाहिले आणि हो म्हणाला. मला शिकायची आवड बिलकुल नव्हती. सासऱ्यांनी शाळेत घालू का विचारलं तेव्हा मी म्हणाले, मला डोकं दुखतं.

पोलीस ॲक्शनच्या आधी, एका हिवाळ्यात, ताई सासूला डोळे दाखवायला घेऊन हैदराबादला आली. माझ्याकडेच उतरली. त्याच सासूला घेऊन, पदरवालीला. मी तिला दुपारी मुद्दाम साखर कमी घालून चहा दिला, एवढाच सूड मला जमला. ती म्हणाली, "पोरी, चहा चांगला केला, मला गोड चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी म्हातारी झोपली आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. ताई रस्त्याकडे, टांग्यांकडे, पाट्यांकडे बघत होती. कुठे मराठी अक्षरांची पाटी दिसली की हळूहळू लावून वाचत होती, उर्दू असली की सोडून देत होती. मग ती सहज, भाजी काय आणायची असं विचारावं तसं म्हणाली, "ते लोक कुठं राहत्यात गं?"

"कोण लोक?"

"आता कोण लोक. कोंडावाले."

ती हसत होती. मला माहीत होतं ते कुठे राहतात. आमच्या घरापासून चालत जाण्याएवढं ते घर होतं. इतके दिवस मी भाजीला जाताना वळसा घालून जात असे. मी म्हणाले, "मला न्हाई माहीत."

"खोटं बोलताना अजून नाक वर करतीस," ताई म्हणाली. "चल दाखव. मी काय बिऱ्हाड घेऊन घुसणारे का तिथं?"

मी नेलं. आम्ही समोरच्या बाजूला एका दुकानाच्या सावलीत उभ्या राहिलो. साधंच घर होतं, दोन मजली, हिरवे दरवाजे. वरच्या खिडकीत एक बाई आमच्याच वयाची, ओले केस सोडून पुस्तक वाचत होती. वाचता वाचता केसांतून बोटं फिरवत होती. आम्हाला तिने पाहिलं नाही.

मी ताईकडे बघू शकले नाही. मी दुकानातल्या दोऱ्याच्या रिळांकडे बघत राहिले. आतून कुठूनतरी नळाचा आवाज येत होता, पाणी बादलीत पडत होतं.

"घरातच नळ आहे वाटतं," ताई म्हणाली.

"हो."

ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली. बादली भरत आली की आवाज बदलतो, तसा तो बदलला. मग कोणीतरी नळ बंद केला.

"चल," ती म्हणाली, "म्हातारी उठली असंल. तिला एकटीला धड दिसत न्हाई." आणि माझा दंड धरून तिने मला रस्ता ओलांडून नेलं. हैदराबादला राहणारी मी होते, पण टांगा येत होता तो मला दिसला नव्हता.